बाबांच्या आवाजापुरती जागा

माझ्या मोबाईलमध्ये बाबांचे आवाजी संदेश अजून आहेत. बाबा जाऊन दोन पावसाळे झाले. लोक फोटो जपतात, मी ते संदेश जपते आणि उगाच कुणाला ऐकवत नाही. त्यातले बहुतेक एवढेसेच आहेत. "जेवली का वो?" "गाडी भेटली का?" "काऊन फोन उचलून नाही राहिली?" काही मात्र लांबलचक आहेत आणि त्यांत बाबा माझ्याशी बोलतच नाहीत. रेकॉर्डिंगचं बटण दाबून फोन तसाच खिशात टाकायची त्यांना खोड होती. मग मला गोंदियात बसून त्यांच्या चपलांचा आवाज, वारा, कुणाचा तरी खोकला आणि तलावाच्या पाळीवरची ओरडाआरड ऐकायला मिळायची. मी वैतागायचे. पण त्यातला एकही संदेश मी पुसला नाही.

बाबा गावचे पाणकर होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावाला एक जुना तलाव आहे आणि गावाचं धान त्याच्यावर. आम्ही कोहळी, तलाव बांधणारे म्हणून आमच्या पूर्वजांचं नाव सगळे घेतात. पण बांधून ठेवलेल्या तलावाचं पाणी वाटायला दरवर्षी एक जिवंत माणूस लागतो, त्याचं नाव कुणी घेत नाही. पाऊस उघडला आणि धान निसवायला, लोंबी फुटायला आलं की बांध्यांचे, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांचे, मालक पाळीवर जमत. तुडुमाजवळ, म्हणजे तलावातून पाटात पाणी सोडतात त्या जागेशी, पाणकर उभा राहून हाळी देई. पाटाच्या अगदी शेवटच्या बांधीला पाणी पहिलं, मग तिच्या वरच्या बांधीला, असं करत तलावाजवळच्या बांधीचा नंबर सगळ्यात शेवटी. ज्याला हाळी दिली त्याने ओ दिल्याशिवाय तुडुमाचं भोक बंद करणारी खुंटी निघत नसे, आणि खालून "पोचलं जी" आल्याशिवाय वरच्याने आपला बांध फोडायचा नाही. लिहिलेलं कुठेच काही नाही. सगळं पाणकराच्या तोंडावर चालायचं.

आणि तेच तोंड गेलं. लकव्याने बाबांची उजवी बाजू घेतली आणि बोलणं पार नेलं. समजायचं सगळं. आई कुणाशी काय बोलली, मी कुठल्या गोष्टीवर धुसफुसतेय, हे त्यांना पूर्वीसारखंच कळायचं, पण घशातून एकच गोल, ओला आवाज निघायचा आणि तो निघाला की ते स्वतःच मान फिरवायचे. नागपूरच्या डॉक्टरांनी आशा ठेवा म्हणून सांगितलं. आशा म्हणजे काय करायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मी गोंदियात एका कॉलेजची कम्प्युटर लॅब सांभाळते. हात बांधून बसणं मला जमत नाही, आणि चिडायला मला फार वेळही लागत नाही. लॅबमधून बाद केलेला एक लॅपटॉप मी परवानगी काढून घरी नेला. त्याच्यावर चित्रांचा फळा बसवला: एक बटण दाबलं की एक चित्र उजळतं आणि यंत्र ते बोलतं. पाणी, संडास, दुखतं, पंखा, बाहेर ने. आधी टॅब्लेट आणून पाहिला होता. पण बाबांचं डावं बोट काचेवर थरथरायचं, एकाच्या ठिकाणी तीन चित्रं दाबली जायची. आयुष्यभर तुडुमाच्या लाकडी खुंट्या हाताळलेल्या माणसाला दाबलं की खाली जाणारी वस्तू हवी होती. मी लॅपटॉपच्या बटणांवर जुन्या शर्टांच्या गुंड्या चिकटवल्या. कुठली गुंडी कुठे, हे बोटांत बसायला त्यांना अख्खा उन्हाळा लागला. पुढे मी नवा लॅपटॉप आणते म्हणाले तेव्हा त्यांनी डावा हात त्या जुन्यावर ठेवला आणि उचललाच नाही. हट्टाच्या बाबतीत मी कुणावर गेले हे गावात कुणाला विचारावं लागत नाही.

पण ते यंत्र मुळातच थकलेलं. फळ्याबरोबर त्याच्यावर आणखी तीन प्रोग्राम चालायचे. आईला कमी ऐकू येतं, म्हणून बोललेलं वाक्य मोठ्या अक्षरांत दाखवणारी खिडकी. मी गोंदियाहून बाबांना पाहू शकावं म्हणून व्हिडिओची खिडकी. आणि बोलणारा प्रोग्राम, त्याचीही एक खिडकी. चारही एकदम उघडले की रॅम भरून जायची. रॅम भरली की यंत्र काही सामान डिस्कवर नेऊन टाकतं आणि लागलं की परत उचलून आणतं, आणि ती डिस्क इतकी म्हातारी की खरखर करत बसायची. बाबा "पंखा" दाबायचे. आई विचारायची, "पानी देऊ का? उशी देऊ? पाय दुखून राहिले का?" बाबा डोळे मिटून घ्यायचे. पाण्याचा पेला ओठांशी आल्यावर लॅपटॉप म्हणायचा, "पंखा लावा."

आणि म्हणायचा तो बाईच्या आवाजात. तयार मिळणारा तोच एक मराठी आवाज मला त्या यंत्रावर चालवता आला. स्वच्छ, शहरी, प्रत्येक "ण" जागच्या जागी. आमच्या घरात असं कधी कुणी बोललं नव्हतं.

पहिल्या वर्षी धान निसवायच्या वेळी मी हौसेने तो लॅपटॉप पाळीवर नेला. बाबांना खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून आणलं होतं. मी एका गुंडीवर हाळीचं वाक्य भरून ठेवलेलं. बाबांनी ती दाबली. काही झालं नाही. डिस्क खरखरत राहिली. लोक वाट पाहून आपसांत बोलायला लागले, आणि ते बोलणं ऐन रंगात आलेलं असताना त्यातून तो बाईचा आवाज उठला: "शेवटच्या बांधीला प्रथम पाणी मिळेल." तलावाला लागून ज्यांची बांधी आहे ते काका मोठ्यांदा हसले. "पानकर तं मास्तरीनबाईसारखे बोलून राहिले ना जी!" सगळेच हसले, वाईट मनाने नव्हे, पण हसले. बाबांनी डाव्या हाताने लॅपटॉपचं झाकण मिटलं.

त्या वर्षी काकांनीच खुंटी काढली आणि वरच्या बांध्यांनी पाणी आधी घेतलं. शेवटची बांधी एका विधवा काकूंची. त्यांच्यापर्यंत पाणी आलं तेव्हा पाटात नुसता चिखल होता. अर्धं धान पोकळ गेलं. काकू भांडायला आल्या नाहीत. आमच्या अंगणात येऊन बाबांच्या खाटेशी जराशा टेकल्या, "तुमी असते तं," एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या. बाबा तिथेच तर होते. त्यांनी ते ऐकलं. त्यानंतर बोलायला म्हणून त्यांनी झाकण उघडू दिलं नाही. तहान लागली तरी गुंडी दाबायचे नाहीत, आईने ओळखेपर्यंत तसेच पडून राहायचे. लकव्याने नेलं ते बोलणं वेगळं. हे दुसरं त्यांनी आपल्या हाताने बंद केलं होतं, आणि ते मला सहन होईना.

मला जे करायचं होतं ते कळायला सोपं होतं. बाबांचा आवाज माझ्या मोबाईलमध्ये पडून होता. त्यातली वाक्यं कापून गुंड्यांवर ठेवायची. अडचण एवढीच की दाबल्याबरोबर ऐकू यायचं तर ते सगळे तुकडे रॅममध्ये तयार बसलेले हवेत, आणि रॅममध्ये तर बोट शिरकवायला जागा नव्हती. गोंदियाच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उलटा करून पाहिला आणि परत माझ्याकडे सरकवला. "मॅडम, इसमें रैम बढ़ती ही नहीं, बोर्ड पे ही चिपकी है. भंगार में दे दो." मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मग मी रविवारची गाडी धरून घरी जायचे आणि दुपारभर अंगणात बाबांच्या खाटेशेजारी बसून त्या यंत्राच्या पोटात काय काय भरलंय ते पाहायचे. पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

खिडकी काढणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला काही कामं करावीच लागतात. चौकट आखणं, अक्षरं रंगवणं, बटण दाबलेलं दाखवणं, चित्र लहानमोठं करणं. ही कामं प्रत्येकाने नव्याने लिहायची नसतात. ती एकदाच लिहून लायब्ररीत ठेवलेली असतात आणि सगळे प्रोग्राम ती लायब्ररी वापरतात. चौघांनी एकच लायब्ररी वापरली तर यंत्र तिची एकच प्रत रॅममध्ये ठेवतं आणि तीच चौघांना दाखवतं. पण हे चार प्रोग्राम चार ठिकाणांहून आलेले, चौघेही आपापलं गाठोडं बांधून. गावात इंटरनेटचा भरवसा नाही, गाठोडं आणलं की काही न शोधता चालतं, म्हणून मी तसेच आणले होते. प्रत्येकाच्या गाठोड्यात चौकट आखणारी लायब्ररी होती, प्रत्येकाच्या गाठोड्यात अक्षरांची होती. जवळपास तीच, जराशी जुनी, जराशी नवी. यंत्राला काय कळणार की ही एकच वस्तू आहे? त्याने चार वेळा ठेवली. एका अंगणात चार विहिरी खोदल्यासारखं झालं होतं आणि राहायला जागा उरली नव्हती. उधळपट्टी पाहिली की माझं पित्त खवळतं. तलावाच्या गावची आहे मी.

गाठोडी सोडायला घेतली. तीन प्रोग्राम मी पुन्हा बांधले, असे की ते आपलं काही आणणार नाहीत, यंत्रावरची एकच लायब्ररी वापरतील. चौथा, चित्रांचा फळा, रुसून बसला. त्याची एक जुनी लायब्ररी अशा तऱ्हेने बनवलेली होती की ती रॅममध्ये कुठे बसणार याचे पत्ते तिच्या आतच लिहावे लागत. प्रत्येक प्रोग्राम तिला उघडताना तिच्यात आपले पत्ते खरडायचा, आणि खरडलं की ती त्याची एकट्याची होऊन जायची. सामायिक ठेवायची तर तिच्या अंगावर कुणी काही लिहिता कामा नये. जिथे ठेवू तिथे चालेल अशी ती मला नव्याने बनवून घ्यावी लागली. माझे बरेच रविवार त्यात गेले. बाबा खाटेवरून पाहत असायचे. काय करते म्हणून विचारत नव्हते. विचारणार तरी कसे? मीच सांगत बसायचे. "चौघांनी चार घेतले होते, बाबा. आता एकावर आणून राहिली." एकदा त्यांनी मान हलवली. होकाराची होती, की मान आखडली होती म्हणून, ते मला कळलं नाही.

सगळं झाल्यावर मी चारही प्रोग्राम उघडले आणि कुणी किती रॅम धरली त्याची यादी लावली. आकडे जवळजवळ तेवढेच. चौघांची बेरीज तर यंत्रात आहे त्याहून जास्त. इतक्या रविवारांची मेहनत पाण्यात गेली असं वाटून मी लॅपटॉप खाटेवर जवळजवळ आपटला आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिले. रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता. आई म्हणाली, "कायले एवढी तरासून राहिली? ते मुके राहिले तं राहिले. आपल्यापाशी हायेत ना." मी आईवरही ओरडले. पुढे तिची समजूत घालावी लागली, ते वेगळं.

तिथे उभी असताना समोर तलाव होता आणि मला एक जुनी गंमत आठवली. मी शाळेत असताना सिंचनाची माहिती घ्यायला एक साहेब गावात आले होते. घरोघर विचारत होते, तुमच्याकडे पाण्याची सोय काय? प्रत्येकाने छाती फुगवून सांगितलं, "तलाव हाय ना जी आमचा!" संध्याकाळी साहेब पाळीवर येऊन बाबांना म्हणाले, "हा एक झाला, बाकीचे तलाव कुठे आहेत?" बाबांना आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर ते पोट धरून हसले. "सगळे हेच होत जी. ज्याले विचारा त्याचा हाच."

माझी यादी त्या साहेबांसारखीच मोजत होती. ज्याला विचारावं तो अख्खी लायब्ररी आपली म्हणून सांगत होता. मी मोजायची दुसरी तऱ्हा लावली, जी सामायिक भाग वापरणाऱ्यांत वाटून दाखवते. आकडे धडाधड खाली आले. रॅममध्ये मोकळी जागा होती, ती आधीपासून होती, मलाच दिसत नव्हती. मी बाबांच्या खाटेशी येऊन बसले आणि म्हटलं, "बाबा, सगळे हेच होत जी." त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

शेवटचं एक काम केलं. चारही प्रोग्राम वेगवेगळे उठवायचे नाहीत. आधी एक मूळ प्रोग्राम उठवायचा, त्याने सगळ्या लायब्ररी उघडून, जोडून तयार ठेवायच्या, आणि चौघांनी त्याच्यातूनच निघायचं, धानाला फुटवे निघतात तसं. सगळ्यांचं मूळ एक. कुणी आपलं काही लिहायला गेला तरच तेवढ्या भागाची त्याला वेगळी प्रत मिळते. चौघांचं म्हणून जे होतं ते एकदाच ठेवलं गेलं, आणि एकट्या बाबांचं म्हणून जे होतं त्याला जागा झाली.

मग मी संदेश कापायला बसले. कानाला इअरफोन लावून दुपारच्या दुपार बाबांना ऐकत होते, आणि खाटेवर बाबा गप्प. "पंखा लाव" सापडलं, ते आईला म्हटलेलं होतं, पाठीमागून. "बाहेर चाल" सापडलं. "हाव" पुष्कळ सापडले, "नाही" त्याहून जास्त. पण "मले भूक लागली" कुठे मिळेना. "मले दुखून राहिलं" मिळेना. सगळे संदेश पालथे घातले. इतक्या वर्षांत या माणसाने मला स्वतःसाठी काहीही मागितलेलं नव्हतं. जेवली का, पोचली का, पैसे आहेत का, सर्दी गेली का. त्यांच्या भुकेसाठी आणि दुखण्यासाठी मला त्या शहरी बाईचाच आवाज ठेवावा लागला. ते ठेवताना मला रडू आवरलं नाही. ताटाच्या चित्राशेजारी एक गुंडी रिकामी होती. तिच्यावर मी "जेवली का वो?" ठेवून दिलं. खाटेवर पडलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नव्हता, पण ते वाक्य बाहेर ठेवायचं माझ्या जिवावर आलं.

हाळी त्या खिशातल्या रेकॉर्डिंगमध्ये सापडली. वाऱ्याचा घोंगाट, मग अगदी जवळून, छातीतून निघालेली.

ती ऐकवायच्या आधी बाबांना पुन्हा गुंडी दाबायला तयार करायचं होतं. मी नुसता लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि चूल पाहते म्हणून आत गेले. बराच वेळ काही नाही. मग अंगणातून बाबा म्हणाले, "पंखा लाव." आईच्या हातातली कढई खाली पडली. तिला कमी ऐकू येतं, पण हे ऐकू आलं. ती धावत बाहेर गेली आणि खाटेच्या पायाशी उभी राहून म्हणाली, "काय म्हनलात?" त्यांनी पुन्हा दाबलं. दाबलं आणि आवाज आला, मधे काही नाही. अंगणात पंखा नव्हता, तो आत होता. आई पदराने वारा घालत राहिली.

दुसऱ्या वर्षीही पावसाने ऐन वेळी पाठ फिरवली. धान निसवायला आलेलं, बांध्यांना भेगा पडायला लागलेल्या. पाळीवर बैठक ठरली. मी सकाळच्या गाडीने अर्जुनीला उतरले, तिथून ऑटोने गावात आले आणि घरी न थांबता थेट पाळीवर गेले. बाबांना खुर्चीवर आणलं होतं. शेवटच्या बांधीच्या काकू बायकांमध्ये मागे उभ्या होत्या, त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. त्या वर्षीही धान गेलं असतं तर बांधी दुसऱ्याला कसायला देऊन त्या मुलीकडे राहायला जाणार, असं आईने मला सांगून ठेवलं होतं.

तलावाजवळच्या बांधीचे काका बोलत होते. पाणी कमी आहे, वरच्यांचं तरी पुरं होऊ द्या, खालच्यांना धाडायचं म्हणजे अर्धं पाटच पिणार. म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणूनच लोक ऐकत होते. कुणी तरी म्हणालं, "मंग काढा खुंटी." मी लॅपटॉप बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांचं बोट गुंड्यांवरून फिरलं, एकीवर थांबलं. मला वाटलं आता डिस्क खरखरेल. सवय झाली होती त्या भीतीची.

"खालच्या टोकाले पयले पानी! वरच्याईनं थांबाचं जी! आवाज द्या, आवाज!"

वाऱ्यासकट आली हाळी. लोक लॅपटॉपकडे पाहायचं सोडून बाबांच्या तोंडाकडे पाहायला लागले. ते मिटलेलं होतं.

काका सावरले. "हा तं जुना आवाज होय जी. मोबाईलमधला. तवा तलाव भरून होता, पानी लगित होतं."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. नजर न काढता तीच गुंडी पुन्हा दाबली. आवाज लगेच आला, काकांचं बोलणं पुरतं संपायच्या आत. "खालच्या टोकाले पयले पानी! वरच्याईनं थांबाचं जी!" जुना असेल, पण त्या क्षणी तो दाबायचं बाबांनी ठरवलं होतं, आणि ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं.

मागून काकूंनी ओ दिली. "हाव जी." मग त्यांच्या वरच्या बांधीच्या मालकाने दिली. मग त्याच्या वरच्याने. एकेक करत ओ पाळीवरून वर सरकत आली. सगळ्यात शेवटी काका उरले. त्यांनी एकदा तलावाकडे पाहिलं. "हाव जी, पानकर," म्हणाले आणि स्वतः तुडुमात उतरून त्यांनी खुंटी काढली.

लोक पाटाच्या कडेकडेने पाण्याबरोबर खाली गेले. पाळीवर मी आणि बाबा राहिलो. पाणी शेवटच्या बांधीला पोचेपर्यंत पाणकराने तिथून हलायचं नसतं. ऊन चढलं होतं. लॅपटॉपची बॅटरी संपत आली होती, म्हणून मी व्हिडिओची खिडकी बंद करत होते, अक्षरांची बंद करत होते. बाबांनी माझा हात बाजूला केला आणि ताटाजवळची गुंडी दाबली.

"जेवली का वो?"

सकाळी गाडी धरायच्या घाईत मी चहासुद्धा घेतला नव्हता. ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, उत्तराची वाट पाहत, पूर्वी फोनवर पाहायचे तशी.

"नाही, बाबा," मी म्हटलं.

बऱ्याच वेळाने खालून, अगदी लांबून, काकूंची हाक आली. "पोचलं जी!"

बाबांनी डाव्या हाताने लॅपटॉपचं झाकण मिटलं, चौघांनी येऊन खुर्ची उचलली आणि आम्ही जेवायला घरी गेलो.